५८ हजार चाललेली डिझेल गाडी की १ लाख ६२ हजार चाललेली?

प्रश्न: रोज ६५ किलोमीटर जायचं आणि ६५ यायचं. त्यातले प्रत्येक वेळी पन्नासेक किलोमीटर मोकळा हायवे. महिन्याचे २४ दिवस हेच. जुनी डिझेल गाडी घ्यायचं ठरवलं आहे आणि दोन गाड्यांवर येऊन अडकलो आहे. पहिली पाच वर्षांची, एकाच मालकाची, १ लाख ६२ हजार किलोमीटर चाललेली. मालक तीही रोज लांबच्या नोकरीसाठीच वापरायचा. सर्व्हिसची सगळी बिलं त्याने जपून ठेवली आहेत. दुसरी सात वर्षांची, ५८ हजार चाललेली, शहरातच फिरलेली, दिसायला नवीकोरी. दोन्ही मॅन्युअल, इंजिन दीड लिटरच्या आसपास, किंमत जवळपास सारखीच. घरचे सगळे दुसरीच्या बाजूने आहेत. इंजिन काही उघडून बघता येत नाही, मग बघायचं तरी काय?

उत्तर: घरच्यांचा रुसवा सहन होणार असेल तर आधी पहिली गाडी बघायला जा. ती घ्याच असं नाही, पण सुरुवात तिथून करा.

एक साधा हिशेब मांडू. हायवेवर चालणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर १ लाख ६२ हजार किलोमीटरसाठी तिचं इंजिन २,७०० तास चाललं. शहरातल्या गर्दीत सरासरी वेग ताशी १९ च्या वर सहसा जात नाही. त्या हिशेबाने ५८ हजार किलोमीटरचे तीन हजारांहून जास्त तास होतात. म्हणजे मीटरवर एक तृतीयांश आकडा असलेली गाडी इंजिनाच्या तासांत थोरली निघते. आणि हे तास कसे गेले? सिग्नलला उभं राहण्यात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन नीट तापायच्या आत बंद होण्यात. डिझेलला याहून वाईट खुराक नाही.

तुम्हाला डिझेलच हवी का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी दोन ओळी. १३० गुणिले २४ गुणिले १२, म्हणजे वर्षाला ३७,४४० किलोमीटर. लिटरला २० किलोमीटर देणारी डिझेल त्यासाठी १,८७२ लिटर पिते, १५ देणारी पेट्रोल २,४९६ लिटर. वर्षाला सव्वासहाशे लिटरचा फरक आहे, तेव्हा तुमचा विचार बरोबर आहे. रोजचा प्रवास दहा-बारा किलोमीटरचा असता तर डिझेलचं नावही काढू नका असंच सांगितलं असतं.

आता शहरात डिझेल नेमकी कशाने खराब होते ते समजून घ्या, कारण गाडी बघताना हेच शोधायचं आहे. अलीकडच्या वर्षांतल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, गॅरेजमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. तो भरत आला की गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल फवारून त्याचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि आतली काजळी जाळून टाकतो. याला रीजनरेशन म्हणतात, मेकॅनिक नुसतं ‘रीजन’ म्हणतात. ते पुरं व्हायला गाडी साधारण दहा ते वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. शहरात तेवढा वेळ मिळत नाही. रीजन सुरू होतं, घर येतं, गाडी बंद. उद्या पुन्हा तेच. दर वेळी जादा फवारलेल्या डिझेलचा काही भाग न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतो आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होतं, त्याची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आणि त्याच पातळ ऑइलवर टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा दांडा फिरत राहतो. फिल्टर तुंबण्यापासून टर्बो जाण्यापर्यंतचं दुखणं असं एकातून एक निघतं. ईजीआर व्हॉल्व्हचं तसंच. एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारी ही झडप कमी वेगावर सर्वांत जास्त वापरली जाते. त्यामुळे शहरी गाडीत ती आणि पुढचा, हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड डांबरासारख्या काजळीने माखलेले सापडतात.

पहिली गाडी म्हणजे धुतल्या तांदळासारखी, असंही नाही. किलोमीटर जे खातात ते त्यांनी खाल्लेलंच आहे. शॉक अॅब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग, इंजिन माउंटिंग यांची पाळी आलेली असेल. डीपीएफमध्ये काजळीशिवाय राखही साठते. ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते, कुठल्याही रीजनमध्ये जळत नाही. हायवेच्या गाडीतही दीड-दोन लाखांच्या पुढे या राखेचा विचार करावा लागतो. फिल्टर खोलून साफ करून घेता येतो. शिवाय तुमच्या वापराने चार वर्षांत ही गाडी ३ लाख १० हजारांच्या पुढे जाईल. तेव्हा विकताना हातात फार काही येणार नाही. ही गाडी वापरून संपवायची म्हणूनच घ्यायची आणि किंमतही तशीच बोलायची.

आता बिलं. मालक ‘सगळं वेळेवर केलंय’ म्हणेल, तुम्ही तारखा आणि किलोमीटर एका कागदावर ओळीने लिहून काढा. दोन ऑइल बदलींमध्ये किती अंतर पडलंय ते बघा. दहा ते पंधरा हजार असेल तर उत्तम. मध्येच एकदा तीस हजारांचा खड्डा असेल तर तो प्रश्न विचारायलाच हवा. ऑइलचा ग्रेड बिलावर छापलेला असतो. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख सोडणारं, म्हणजे बहुतेक वेळा सी२ किंवा सी३ प्रतीचं ऑइल लागतं. तिथे साधं स्वस्त ऑइल दिसलं तर फिल्टरमध्ये राख लवकर भरली असणार. डिझेल फिल्टर किती वेळा बदललाय तेही मोजा. दीड लाखात एकदाच बदलला असेल तर हाय-प्रेशर पंप आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर किती पाणी-कचरा प्यायलेत कोण जाणे.

मीटर खरं बोलतोय का, हे गाडी स्वतःच सांगते. हायवेच्या गाडीच्या समोरच्या काचेवर उन्हात तिरकं बघितलं की सुईच्या टोकाएवढे शेकडो डाग चमकतात, बॉनेटच्या पुढच्या कडेला खडी लागून रंगाचे टवके उडालेले असतात. पण क्लचच्या पेडलचं रबर शाबूत असतं आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड फारशी दबलेली नसते, कारण चढ-उतार कमी झालेली असते. शहरी गाडीत बरोबर उलटं, पण झीज मीटरवरच्या आकड्याला शोभेल एवढीच हवी. तुमच्या ५८ हजारवालीत पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत आणि सीटची कड फाटायला आलेली दिसली, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘५८ हजार चाललेली, टायर मूळचेच’ असं सांगणाऱ्याच्या टायरवर गाडीच्या जन्मानंतर तीन वर्षांनी बनल्याचा आकडा असेल तर मग पुढचं बोलणं त्याच्यावरच सोडा. डॅशबोर्डवर सरासरी वेगाचा आकडा असेल तर तोही बघा. शून्य केलेला नसेल तर वरचा तासांचा हिशेब तिथेच पडताळता येतो.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी सकाळी, थंड इंजिनावर. फोनवरच बजावा की तुम्ही येईपर्यंत गाडीला सेल्फ मारायचा नाही. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर ‘सहज पार्किंग बदलली’ हे कारण ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी या. डिझेलचे बहुतेक आजार तापलेल्या इंजिनात लपतात. गरम गाडी कोणतीही चालू होते.

चालू करायच्या आधी ऑइलची काडी काढा. काळं ऑइल बघून दचकू नका, डिझेलमध्ये नवं ऑइलही काही दिवसांत काळं होतं. बघायचं ते वेगळं: पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली आहे का, आणि काडी नाकाशी धरली तर डिझेलचा वास येतो का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर अर्धवट सुटलेल्या रीजनची कहाणी तुमच्या हातात आहे. कूलंटच्या टाकीचं झाकण थंड असतानाच उघडा. वर तेलाचा तवंग नको. मग इंजेक्टर जिथे हेडमध्ये बसतात तिथे टॉर्च मारा. भोवती डांबराच्या खड्यांसारखं काळं कडक काही साचलं असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर क्षुल्लक, पण बऱ्याच दिवसांच्या गळतीने इंजेक्टर असा चिकटून बसतो की काढताना हेडचं काम निघू शकतं.

किल्ली अर्धी फिरवा. चेक इंजिन, डीपीएफ आणि हीटर प्लगच्या गुंडाळीचा दिवा, सगळे लागले पाहिजेत आणि गाडी सुरू झाल्यावर विझलेले असले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा लागतच नसेल तर तो कुणीतरी मुद्दाम मारलाय. आता सेल्फ. निरोगी गाडी एक-दोन सेकंदांत पेटते. चार-पाच सेकंद घरघरत राहिली तर इंजेक्टर मागच्या बाजूने डिझेल सोडतायत, किंवा हीटर प्लग गेलेत, किंवा मुळात कॉम्प्रेशन कमी आहे. पेटल्या पेटल्या दोन सेकंद पत्र्याच्या डब्यात साखळी हलवल्यासारखा आवाज आला तर व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी टायमिंग चेन सैल झालीय. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी मागे उभं करा. क्षणभर किंचित पांढरट धूर चालतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर न जळलेलं डिझेल तरी आहे किंवा कूलंट तरी.

सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून फिरवा. ही तपासणी कुणी करत नाही, पण फुकट आहे आणि खोटं बोलत नाही. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत लाखभर किलोमीटरनंतरही बोटाला जेमतेम राखाडी धूळ लागते. बोट काजळासारखं काळंभोर निघालं तर फिल्टर फुटलाय, नाहीतर आतून पोकळ करून ठेवलाय. पोकळ केलेल्या गाडीत फिल्टरच्या डब्यावर नंतर मारलेल्या वेल्डिंगची ओळ दिसते, आणि कॉम्प्युटरलाही फसवून ठेवलेलं असतं. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडायला लागलं आणि आतून धूर लाटांनी येऊ लागला तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत, इंजिन कामाची वेळ आली. न्यूट्रलमध्ये खडखड येत असेल तर क्लच दाबून बघा: दाबल्यावर आवाज थांबला तर ड्युअल मास फ्लायव्हील किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग, दाबल्यावर सुरू झाला तर क्लचचं बेअरिंग. किल्ली बंद करताना गाडीने ‘धडाम्’ करून झटका दिला तर संशय फ्लायव्हीलवरच पक्का होतो. दोन तुकड्यांच्या मध्ये स्प्रिंगा असलेलं हे फ्लायव्हील क्लच प्लेटपेक्षा कितीतरी महाग असतं आणि बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून क्लचचं काम करताना दोन्ही बरोबरच बघतात. शहरात सतत कमी फेऱ्यांवर ओढलेल्या गाडीत ते आधी जातं.

मग गाडी चालवा, पण कोपऱ्यापर्यंत नाही. निदान ३५-४० मिनिटं आणि त्यात हायवे हवाच. चौथ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवरून पेडल पूर्ण दाबा. दोन हजारांच्या आसपास टर्बोने ढकललेलं जाणवलं पाहिजे आणि साडेतीन हजारांपर्यंत ओढ सलग राहिली पाहिजे. मध्येच गचका बसला, शिट्टी वाजली किंवा गाडी एकदम मेल्यासारखी झाली, तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज फाटलाय, नाहीतर टर्बोच्या पात्या काजळीने अडकल्या आहेत. फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. हायवेवर तापमानाचा काटा ९०च्या जवळ चढून तिथेच थांबायला हवा. तो खालीच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय. ही बारीक चूक वाटते, पण इंजिन नीट न तापल्याने रीजनच सुरू होत नाही आणि लोक उगाच फिल्टर बदलतात. परत आल्यावर पाच मिनिटं नुसती चालू ठेवा आणि एकदा रेस करा. निळा लोट उठला तर टर्बोचं किंवा व्हॉल्व्हचं सील गेलंय. मध्येच आयडलचे फेरे थोडे वाढले, पंखा जोरात फिरू लागला आणि गरम वास आला तर घाबरून बंद करू नका. रीजन चालू आहे, होऊ द्या.

एवढ्यात गाडी पास झाली तर गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावणारा मेकॅनिक बोलवा. बिघाडाचे कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हा आकडा मागा. १२ किलोमीटर आला तर परवाच कुणीतरी पुसलेत. मग शेवटच्या रीजनला किती किलोमीटर झाले आणि त्याआधीचं केव्हा झालं ते बघा. हायवेच्या निरोगी गाडीत दोन रीजनमध्ये काही शे किलोमीटर जातात. शंभराच्या आत पुन्हा पुन्हा होत असेल तर फिल्टर भरत आलाय किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत. डीपीएफच्या आधीचा-नंतरचा दाब इंजिन बंद असताना शून्य दाखवायला हवा, नाहीतर सेन्सरच खोटा. चारही इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतो तो आकडा, शून्याच्या आसपास हवं. तीन ठीक आणि एक फटकून असेल तर त्या एकाकडे बोट. खात्री हवी असेल तर लीक-ऑफ टेस्ट करून घ्या: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत त्याच्या तिप्पट, एवढं साधं हे निदान आहे.

धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी असलेली गाडी असेल तर भरायच्या तोंडाशी मिठासारखे पांढरे खडे साचलेत का ते पाहा. टाकी रिकामी होत आली की बहुतेक गाड्या आधी इशारा देतात आणि रिकामी झाल्यावर एकदा बंद केली की पुन्हा चालूच होत नाहीत. ३७ हजारांच्या वापरात त्याची भर वरचेवर घालावी लागेल.

मॉडेलची नावं तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून इंजिनांबद्दल मोजकंच. फियाटचं १.३ मल्टिजेट, जे अनेक कंपन्यांनी वापरलं, चेनचं आहे आणि दमदार आहे. पण त्यात ऑइल तीन लिटरच्या आसपासच मावतं, पातळी उतरू दिली की चेन सैल होते. बीएमडब्ल्यूच्या एन४७ मध्ये चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे आवाज आला की खर्च मोठा. फोर्डच्या २.० इकोब्लूमध्ये टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजलेला असतो, तिथे ऑइल बदलण्यातली ढिलाई थेट बेल्टवर उतरते. प्युजो-सिट्रोएनच्या जुन्या १.६ एचडीआयमध्ये इंजेक्टरचे वॉशर गळून ऑइलमध्ये गुठळ्या होतात, टर्बोची ऑइलची बारीक नळी तुंबते आणि नवा टर्बो बसवूनही तोही जातो. तिथे टर्बो बदलल्याचं बिल दिसलं तर नळी आणि जाळी बदलली का हे विचारा.

गाडी घेतल्यावर जुन्या मालकाने काल ऑइल बदललंय म्हणून सोडू नका. इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल पहिल्याच आठवड्यात. कंपनीच्या पुस्तकात वीस हजार लिहिलं असलं तरी ऑइल दहा हजारांवर बदला. तुमच्या वापराने ते दर सव्वातीन महिन्यांनी येतं, कॅलेंडरवर लिहून ठेवा. डिझेल फिल्टर वीस हजारांवर. हायवेवरून उतरून लगेच दारात गाडी बंद करायची वेळ आली तर मिनिटभर आयडलवर ठेवा, टर्बोचं ऑइल तेवढ्यात निवतं. आणि एक विसरू नका: तुमच्या पाठीला रोज अडीच-तीन तास त्याच सीटवर बसायचंय. चाचणीच्या अर्ध्या तासात सीट टोचली तर इंजिन कितीही चांगलं असो, ती गाडी तुमची नाही.

राहिला टायमिंग बेल्ट. पहिली गाडी बेल्टची असेल तर बहुतेक इंजिनांत १ लाख ६२ हजारांवर तो बदललेला असायला हवा, आणि त्याबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही. तिन्हींची नावं एकाच बिलावर दिसली पाहिजेत. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा, कारण तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन तिथल्या तिथे संपतं. मेकॅनिककडून त्या कामाचा आकडा आधीच लिहून घ्या, तो किमतीतून वजा करून मागणी करा आणि गाडी ताब्यात घेतल्यावर कामावर जायच्या आधी थेट गॅरेजला न्या.